सामान आणायला गेलो आहे, येतोच

१२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आपल्या कृत्रिम पायांच्या धंद्यात हा शब्द जरा जपून वापरायला हवा. पण माझी आठही अंगं अजून शाबूत आहेत आणि ती सगळी तुझ्यापुढे आडवी घातली आहेत असं समज.

पत्र मिळालं. अक्षरावरून प्रकृती सुधारलेली दिसते, मजकुरावरून स्वभाव जसाच्या तसा. डॉक्टरांनी "कामाचा विचारसुद्धा नको" असं बजावल्यावर भाचीने तुझा फोन कपाटात ठेवला, तर तू पत्रातून माझी उलटतपासणी सुरू केलीस. पत्राने रक्तदाब वाढत नाही असा तुझ्या लेकीचा सिद्धांत दिसतो. तिने तुझी पत्रं वाचलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तर क्रमाने उत्तरं. कार्यशाळा जागेवर आहे. भट्टी तापते, पंखा फिरतो, भिंतीशी प्लास्टरचे साचे पांढऱ्या भुतांसारखे ओळीने उभे आहेत. तुझी खुर्ची रिकामी आहे. पण तू होतीस तेव्हाही ती रिकामीच असायची. "समोरचा माणूस एका पायावर उभा असताना मी दोन्ही पाय पसरून बसू?" हे तुझं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की हल्ली ते मला खुर्चीच सुनावते.

नव्या कातड्याचे पट्टे चांगले निघाले. शिंपीदादांच्या गुडघ्याची बिजागरी पुन्हा कुरकुरत होती, ती घट्ट करून दिली. गुडघा गप्प झाला, शिंपीदादा झाले नाहीत.

दार सकाळी उघडतं ते दिवे लागेपर्यंत उघडं, तुझ्या नियमाप्रमाणे. आमच्या पाठशाळेत गुरुजींना निदान अनध्याय तरी होता. ठरलेल्या दिवशी पोथी बांधून ठेवायची. त्या दिवशी शिकणं हेच पाप. तुझ्या शास्त्रात अनध्याय नाही. तू स्वतः उभ्याउभ्या जेवलीस, उभ्याउभ्या आजारी पडलीस आणि प्लास्टरच्या टेबलाशी कोसळलीस तेव्हासुद्धा हातातली कानस सोडली नव्हतीस. रुग्णवाहिकेतल्या माणसाने ती तुझ्या मुठीतून काढून माझ्याकडे दिली. खिळ्याला टांगली आहे. तुझी वाट पाहते आहे.

सिस्टरांबद्दल तू सगळ्यात आधी विचारलं आहेस आणि मी सगळ्यात शेवटी लिहितो आहे. त्यामागे काही हेतू शोधू नकोस. बाळंतपणाच्या वॉर्डातली ती नर्स, अपघातात गुडघ्याखालचा पाय गेलेली. तूच तिचं माप घेतलंस आणि "तुम्हाला वॉर्डात उभी करून दाखवते" असा शब्द देऊन मग स्वतः आडवी झालीस. पाय मी पूर्ण केला, नेऊन दिला. बारीकसारीक काम चालू आहे. सविस्तर यथावकाश.

माझी तब्येत ठणठणीत. कान तेवढा दुखतो आहे. आंघोळ करताना पाणी गेलं असावं.

तुझा
शास्त्री

२६ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला भिऊन नमस्कार आखडता घेतो.

"आंघोळीत कानात पाणी जायला तू बादलीत डोकं घालतोस का?" असं तू विचारलं आहेस. न्यायशास्त्र मी शिकलो. अनुमान मात्र तुलाच जमतं. सांगतो. मी पोहायला शिकलो.

हस. हसणं डॉक्टरांनी वर्ज्य केलेलं नाही.

झालं असं, की उन्हं तापायला लागली तेव्हा शिंपीदादा आले होते. काम झाल्यावर पट्टा बांधता बांधता म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं माझा पाय करताय, मला पायाशिवाय कधी पाहिलंय?"

म्हटलं, "नेहमीच पाहतो. माप घेताना."

"तसं नव्हे हो. तो दवाखान्यातला चेहरा झाला. गुरुवारी दुपारी तलावावर या."

पोहण्याच्या तलावावर मी का गेलो ते मला नक्की सांगता येणार नाही. बिजागरीला पाणी लागतं का ते पाहायला, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. आत गेलो तर भिंतीशी लांब बाक. त्यावर टॉवेल, चपला, चष्मे आणि त्यांच्यामध्ये आपले पाय. आपले म्हणजे तुझे-माझे, आपण केलेले. एक तर तू केलेला. मी दुरून ओळखला, तुझी टाच नेहमी जरा हट्टी असते. आणि त्यांचे मालक पाण्यात आरडाओरडा करत होते. आपण लोकांना चालतं करतो, कामावर धाडतो, एवढं मला ठाऊक होतं. ते पाय उतरवून लोक कुठे जातात, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "काम काय करता?" शिवणयंत्र चालवणाऱ्याला तसा पाय, फळ्यासमोर उभं राहणाऱ्याला तसा. "आवडतं काय?" हे आपण विचारतच नाही.

तर मी पन्नाशी उलटलेला, पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रांगेत, कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून पाय आपटू लागलो. शिकवणारी पोरगी शिट्टी वाजवून ओरडायची, "आजोबा, गुडघे वाकवू नका!" आयुष्यभर लोकांना गुडघे वाकवायला शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

आणि एका दुपारी पाण्याने मला उचललं, ताई. काही केलं नाही मी. उताणा पडलो, हात सोडले आणि बुडालो नाही. मी मोठ्याने हसलो, तोंडात पाणी गेलं, तरी हसत होतो. असं शेवटचं केव्हा हसलो होतो ते आठवेना. मग दर गुरुवारी दुपारी जाऊ लागलो.

म्हणजे दार बंद ठेवून. हे मागच्या पत्रात उलट लिहिलं होतं, ते खोटं होतं.

बंद दारावर काहीतरी लिहायला हवं. "पोहायला गेलो आहे" असं लिहायला हात धजेना. कुणीतरी कुबड्यांवर पायऱ्या चढून येणार आणि वाचणार की मास्तर डुंबायला गेलेत! तुझ्या दारावर! म्हणून पुठ्ठ्यावर लिहिलं, "सामान आणायला गेलो आहे, येतोच." अक्षर फार सुरेख आलं होतं. खोटं लिहिताना माझा हात कापत नाही हा एक नवाच शोध लागला.

आता पोहणं बंद केलं आहे. कायमचं. सकाळी उजाडायच्या आत दार उघडतो, जेवतो तुझ्यासारखा उभ्याने, दिवे लागल्यावरही बसतो; म्हणजे बसत नाही, उभाच असतो. तुला समाधान वाटावं म्हणून लिहिलं.

सिस्टरांना थोडी जखम झाली, म्हणून उशीर होतो आहे. दुसरा पाय करायला घेतला आहे. जिवापाड मेहनत करतो आहे.

भाचीला सांग, तुला दम लागेल असं या पत्रात काही नाही.

तुझा
शास्त्री

१५ एप्रिल

ताई,

नाही.

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "सिस्टर वॉर्डात उभ्या राहिल्या का, हो की नाही ते लिही, शास्त्रार्थ नको." म्हणून उत्तर आधी लिहिलं. त्या वॉर्डात नाहीत. रुग्णालयाच्या दारातल्या नोंदणीच्या टेबलाशी बसतात. तू दिलेला शब्द मी मोडला. कसा, ते आता वळसे न घेता सांगतो. मध्येच वळलो तर तो सवयीचा दोष समज.

त्यांना एका शुक्रवारपासून वॉर्डात घेऊन पाहणार होते. आठवडाभर पूर्ण पाळी उभ्याने निभावली तर जागा त्यांची. नाहीतर ती दुसरीला आणि त्यांना टेबल. मी दिलेला पाय बरा होता, पण उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीची कड आतून एका जागी टोचत होती. दोन मिनिटांचं कानशीचं काम. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस, "काही टोचलं तर कधीही या, आमचं दार बंद नसतं." म्हणून त्या आदल्या दिवशी दुपारी आल्या. तो गुरुवार होता. दाराला कुलूप आणि पुठ्ठ्यावर माझं सुरेख अक्षर.

त्या पायरीवर बसून राहिल्या. "येतोच" असं लिहिलेलं असल्यावर माणूस उठत नाही.

मी एरवी तासाभरात परतायचो. त्या दिवशी शिंपीदादांनी चिडवलं, "मास्तर, काठ न धरता या टोकावरून त्या टोकाला आलात तर माझा पाय तुमच्या नावे करतो." झालं. ते जमेपर्यंत मी बाहेर निघालो नाही. जमलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनीसुद्धा. शीळ घालत परत आलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. पायरीवर पाण्याची रिकामी बाटली पडलेली. लोकांच्या बेशिस्तीला मनातल्या मनात चार शेलकी विशेषणं वाहिली आणि बाटली कचऱ्यात टाकली. त्या नुकत्याच उठून गेल्या होत्या.

शुक्रवारी त्या तसल्या पायावर पाळीभर उभ्या राहिल्या. शनिवारीसुद्धा. कुणाला बोलल्या नाहीत. रविवारी वाटीत रक्त दिसलं आणि सोमवारी पाय चढवताच येईना. त्याच दिवशी वॉर्ड दुसरीकडे गेला.

त्यांच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी काय बोललो माहीत आहे? "अरेरे, नेमका मी सामान आणायला गेलो होतो हो." ताई, पुठ्ठ्यावरचं खोटं एक वेळ सवयीचं म्हणता येईल. हे तर ताजं होतं.

त्यानंतर ते प्रायश्चित्ताचं पर्व, ज्याची जाहिरात मी तुला मागच्या पत्रात केली. जखम भरताच नवं माप घेतलं. साचा रात्रंदिवस घासला. जेवण विसरलो, झोप विसरलो आणि विसरलो याचा मला अभिमान वाटत होता. मनात सारखं येई की ताईने पाहिलं तर म्हणेल, आता कुठे हा सुधारला.

त्या आल्या. दोन दांड्यांच्या मधून चालायला लागल्या. चार पावलं टाकली आणि थांबल्या.

"मास्तर, हा पाय रागारागाने केलाय का?"

"छे! उलट फार मनापासून. तुमच्यासाठी सगळं सोडून."

"काय सोडून?"

मी वाकून पट्टा तपासू लागलो.

"सगळीकडून आवळतोय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखा. पहिला एका जागी टोचत होता. हा सगळाच टोचतोय."

"सिस्टर, मी... हे माझं प्रायश्चित्त समजा."

"तुमचं प्रायश्चित्त?" त्यांनी पट्टा सोडला, पाय उतरवला आणि माझ्या हातात दिला. "मग तुम्हीच घाला."

तो पाय हातात घेऊन मी उभा राहिलो. वाटीत हात घालून पाहिला. खरंच, साचा मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त घासून बारीक केला होता, त्यावर घडवलेली वाटी तेवढीच अरुंद झाली होती. शिकाऊ माणूससुद्धा इतकी चूक करणार नाही. मापं समोर होती, पण माझं लक्ष मापांकडे नव्हतंच. माझं लक्ष माझ्या त्यागाकडे होतं.

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी कसलं सामान आणायला गेला होता?"

मी म्हणालो, "पोहायला गेलो होतो."

एव्हाना त्या दांडी धरत मागे सरकून तुझ्या त्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"पोहायला."

"हो."

"आणि ते लिहायची लाज वाटली."

"हो."

"अहो, मग मी काय केलं असतं? दोन सणसणीत शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या बसने आमच्या हाडांच्या विभागात गेले असते. तिथला तंत्रज्ञ काही तुमच्याइतका हुशार नाही, पण कड घासून द्यायला त्याला येतं. मी थांबले, कारण तुम्ही कामाला गेला होता. कामाला गेलेल्या माणसासाठी थांबायचं असतं ना? म्हटलं, बिचारे ताईंच्या मागे एकटे सगळं ओढताहेत, त्यांना कशाला नावं ठेवा."

बिचारे! हा शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारला.

घडा घडतो तेव्हा माती, कुंभार आणि चाक यांतलं कारण कोणतं, यावर आम्ही पाठशाळेत दिवसच्या दिवस घालवत होतो. इथे फार डोकं लावावं लागलं नाही. पोहण्याने त्यांचा पाय दुखावला नाही. लाजेने दुखावला. पोहणं लपवावंसं वाटलं म्हणून.

मी म्हणालो, "तेव्हापासून पोहणं सोडलं आहे."

त्यावर मात्र त्या चिडल्या. "ते मला सांगू नका. त्याने माझा वॉर्ड परत येतो का? तुमचं पोहणं माझ्या पायात अडकवू नका, मास्तर. आधीच तिथे जागा कमी आहे."

वॉर्डात काय आवडायचं, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा विचारलं. विचारायचा हक्क गमावल्यानंतर. त्या म्हणाल्या की त्या आणि दुसऱ्या दोघीजणी नव्या बाळांना रडण्यावरून नावं ठेवायच्या. एक फौजदार, एक गवई, एक तक्रार अर्ज. आया बाळांना घेऊन घरी गेल्या तरी चहाच्या वेळी त्यांची आठवण निघायची आणि तिघी पोट धरून हसायच्या. "काम म्हणून मी तिथे कधी गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "टेबलावर मात्र कामाला जाते."

म्हणजे बघ, ताई. तुझ्याकडे नुसतं काम होतं. माझ्याकडे एका खोलीत काम, दुसऱ्या खोलीत मजा आणि मध्ये कुलूप. त्या बाईंकडे दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी होतं आणि नेमकं तेच मी घालवलं. याचं ओझं हलकं करायची युक्ती मला शास्त्रात सापडली नाही. मी शोधली, हे कबूल करतो.

तिसरा पाय सावकाश केला. वेळेवर जेवलो, झोपलो, दमल्यावर कानस खाली ठेवली. तो त्यांना नीट बसला आहे. त्यावर त्या अंगणातून फिरून आल्या, पायऱ्या चढल्या-उतरल्या, आणि "बरा आहे" एवढंच म्हणाल्या. चहा घेतला. माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. वॉर्डातल्या मुख्य बाईंनी म्हटलं आहे की जागा निघाली तर बघू. जागा कधी निघेल, निघेल की नाही, कोणाला ठाऊक. नवी आलेली मुलगीही चांगली आहे म्हणे. तिला हाकलून काही यांना जायचं नाही.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा जातो. दारावर तसं स्वच्छ लिहितो, आणि तातडी असेल तर कुठे जायचं तेही. पूर्वीसारखं हसू येत नाही. पाण्यात आडवा होतो तेव्हा पायरी आठवते. तरी जातो, न गेल्याने ती पायरी पुसली जाणार नाही.

इथे सही केली असती तर पत्राला बरा शेवट झाला असता. पण ज्यासाठी आधीची दोन पत्रं मी इतकी गमतीदार लिहिली, ते अजून राहिलं आहे.

तुला वाटत असेल, हा सगळा पोहण्याचा प्रकार शिंपीदादांनी सुरू केला. तसं नाही. तू कोसळलीस त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "धोका टळला, पण आता कित्येक महिने काम नाही." भाची रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, औषधं आणून दिली आणि रस्त्यावर आलो. कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान होतं. मी एक घेतलं आणि तिथेच फूटपाथवर उभा राहून खाल्लं. फार आवडलं मला ते. खाता खाता कळलं की आपल्याला बरं वाटतं आहे. तू वाचलीस म्हणून वाटायला हवं होतं, आणि तेही होतंच. पण त्याच्या वर, दुधावरच्या सायीसारखं, दुसरंच काही होतं: उद्या सकाळी ताई कार्यशाळेत नसेल.

तुझ्यावर माझा राग नाही, ताई. कधीच नव्हता. पाठशाळेतून फुकट विद्या घेऊन परतलेल्या भावाला तू हातात कानस देऊन माणसांत आणलंस. ज्यांना आपण उभं केलं त्यांची तोंडं आठवली की आजही वाटतं, यापरतं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण तू शेजारी उभी असताना मला कधी खुर्चीवर बसता आलं नाही. तू बस म्हणाली नाहीस आणि मी विचारलं नाही. शेवटी तू पडल्यावर मी बसलो. तुझ्या आजारपणातले हे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, आणि म्हणून पुठ्ठ्यावर खरं लिहिता आलं नाही. सिस्टरांपासून लपवायचं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. जे काही लपवत होतो, ते तुझ्यापासून.

भाची म्हणते, पुढच्या महिन्यात तू परत येशील. तू येऊ नयेस असं मला वाटतं, आणि तुझ्यावाचून इथे करमत नाही. दोन्ही एकदमच खरं आहे. यातलं एक खोडून दुसरं ठेवायला मला सांगू नकोस.

ये. पण डॉक्टर म्हणतील तेव्हा ये. आल्यावर सिस्टरांना आधी भेट. शब्द तुझा होता, तो मोडल्याचं मी त्यांना सांगितलं आहे, तू पुन्हा देऊ नकोस. आणि मला काय म्हणायचं ते म्हण. मी बसून ऐकेन.

तू नसताना सुखी झालेला आणि हे तुला न सांगता तुझ्यासाठी दार उघडू न शकणारा,
तुझा धाकटा भाऊ